बँडवाल्याकडे शिकल्यानं ओठ बिघडत नाहीत

आमच्या शाळेच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गेले पंधरा दिवस एकच वाद धुमसतोय. एका मैत्रिणीच्या अकरा वर्षांच्या लेकीला क्लॅरिनेट शिकायचंय. पुण्यात मंडईमागे राहणारे, उभी हयात ब्रास बँडात क्लॅरिनेट वाजवलेले एक वयस्कर गृहस्थ शिकवायला तयार आहेत. पाठवू का, एवढंच तिनं विचारलं होतं. निकाल तासाभरात लागला. बँडवाल्याकडे मुळीच पाठवू नकोस, एकदा ओठ आणि बोटं बिघडली की सिंफनी ऑर्केस्ट्राचं नाव सोडून दे. त्यापेक्षा जर्मनीतला एखादा शिक्षक ऑनलाइन गाठ. दुसऱ्या फळीचं म्हणणं असं की हे परकं वाद्य हवंच कशाला, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, बासरी काय वाईट आहे? तिसरी गोष्ट कुणी लिहिली नाही, पण ओळीओळीतून वाचता येत होती: आपल्या घरातली मुलगी, आणि बँडवाल्याकडे?

मी जर्मनीत न्यूर्नबर्गला राहते. क्लॅरिनेट जन्मलं ते याच गावात. योहान क्रिस्टोफ डेनर नावाच्या कारागिरानं १७००च्या आसपास शालुमो या जुन्या वाद्याला वरच्या बाजूला एक कळ बसवली आणि नळीतून वरचं सप्तक मोकळं झालं. त्याचे वडील शिकाऱ्यांच्या शिट्ट्या आणि शिंगं बनवायचे. म्हणजे मुळापासूनच हे वाद्य बाजारातलं, रस्त्यावरचं, हातानं काम करणाऱ्या माणसांचं. दरबार आणि वाद्यवृंद नंतर आले. म्हणून ‘बँडवाल्याकडे नको’ हे वाक्य वाचलं की माझा संताप होतो.

इथल्या कुठल्याही खेड्यात गुरुवारी संध्याकाळी फोयरवेरच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या, हॉलच्या माडीवर बँडची प्रोबे, म्हणजे तालीम असते. पुढचे दुधाचे दात पडून पक्के आले की, म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी, मुलं क्लॅरिनेट धरतात. वाद्य फेराइनचं, म्हणजे गावच्या वादक मंडळाचं, भाड्यानं. शिकवणारा दिवसा लोकांच्या हायत्सुंग, म्हणजे घर तापवायच्या यंत्रणा, दुरुस्त करत असतो. दोन-तीन वर्षांत मूल डी-१ ही पहिली परीक्षा पार करतं, छातीवर कांस्य बिल्ला लागतो आणि केरवाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, मिरवणुकीत ते तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत चालायला लागतं. पुढं त्यातलंच एखादं होखशूलेत, म्हणजे संगीत महाविद्यालयात जातं, निवडचाचणीत पडद्याआड मोझार्टची कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) वाजवतं, प्रोबेयार, म्हणजे उमेदवारीचं वर्ष, पार करतं आणि मोठ्या वाद्यवृंदात बसतं. हायत्सुंगवाल्याकडे शिकल्यामुळे ओठ बिघडले असतील, असं त्याला कुणी विचारत नाही.

हे आजचंच नाही. संगीतकार वेबरनं १८११ साली ज्याच्यासाठी कॉन्चेर्तिनो आणि दोन कॉन्चेर्तो लिहिल्या तो हाइनरिश बेअरमान पोट्सडामच्या लष्करी संगीतशाळेत शिकला, पलटणीच्या बँडात वाजवत होता आणि १८०६ मध्ये येनाच्या लढाईत फ्रेंचांच्या हाती सापडला. म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदात तो त्यानंतर आला. रिशार्ड म्यूलफेल्डची सुरुवात तर आणखी बोलकी आहे. बाप साल्त्सुंगेन या छोट्या गावाचा नगरवादक: लग्न, मयत, जत्रा, चर्च, सगळीकडे वाजवणं हाच व्यवसाय. मुलगा १८७३ मध्ये मायनिंगनच्या वाद्यवृंदात लागला तो व्हायोलिनवर. क्लॅरिनेट त्यानं नोकरी सांभाळून स्वतःच्या स्वतः बसवलं आणि काही वर्षांत तो पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर गेला. संगीतकार ब्राम्स लेखणी खाली ठेवायच्या विचारात होता. १८९१च्या मार्चमध्ये त्यानं या माणसाला ऐकलं आणि त्याच उन्हाळ्यात क्लॅरिनेटचं त्रिकूट आणि पंचक लिहिलं. १८९४ मध्ये दोन सोनाटा. क्लॅरिनेटवादकाच्या आयुष्यातलं सर्वांत मोलाचं धन म्हणतात ते हेच. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर वरातीत वाजवणाऱ्याच्या पोरानं ते ब्राम्सकडून काढून घेतलं.

आता ओठांचं बघू, कारण गटावर ठामपणे बोलणाऱ्यांपैकी एकानंही ओठ बिघडतात म्हणजे नक्की काय होतं ते सांगितलेलं नाही. वरचे दात माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाच्या, उतारावर, टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकतात. खालचा ओठ खालच्या दातांवर पातळ घडी घालून येतो आणि त्या घडीवर रीड, म्हणजे थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, बसते. हनुवटी सपाट, ओठांचे कोपरे आत ओढलेले. गाल फुगले तर कोपऱ्यांतून हवा सुटते. खालून चावलं तर रीड मिटत जाते, सूर चढतो, बारीक होतो आणि अर्ध्या तासात ओठाच्या आतून दातांचे वळ उठतात. माउथपीस फार थोडा तोंडात घेतला तर आवाज कोंडतो, फार घेतला तर चीं करून फाटतो. यातली एकही खोड अशी नाही की जी जन्मभर चिकटते. महिनाभर आरसा समोर ठेवून वाजवलं की सुटतात.

आणि ही खोड आहे का नाही, हे तपासायला परदेशातला शिक्षक लागत नाही, घरातली बाजाची पेटी पुरते. रीड बांधलेला माउथपीस आणि त्याखालचा आखूड तुकडा, म्हणजे बॅरल, एवढे दोनच भाग जोडून फुंकायचं. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर तार सप्तकातल्या काळी तीनच्या (तिसऱ्या काळ्या पट्टीच्या) जवळपास सूर यायला हवा. खाली पडला तर ओठ सैल आहेत. वर चढला तर मूल चावतंय. नुसता माउथपीस फुंकला तर त्याहून वरची, अतितारातली पांढरी एक मिळते. पहिला आठवडा एवढंच करायचं, दिवसातून चारदा पाच-पाच मिनिटं. बोटांना अजून काम नको, कारण सगळं वाद्य जवळजवळ पाऊण किलोचं असतं आणि तो भार एकट्या उजव्या अंगठ्यावर येतो. अकराव्या वर्षी त्यानं मनगट दुखतं, मग मूल अंगठा वाचवायला वाद्य वरच्या दातांवर रेलतं, आणि चावण्याची सवय तिथून लागते. सगळं वाद्य हाती आलं की गळ्यात अडकवायचा पट्टा पहिल्या दिवसापासून वापरावा.

बँडवाल्यांचा आवाज वेगळा येतो हे खरं. त्याचं कारण ओठात नाही, साहित्यात आहे. लक्ष्मी रोडवर उघड्यावर, ताशाच्या शेजारी, तासन्‌तास वाजवायचं तर तोंड रुंद उघडलेला माउथपीस आणि दीड-दोन नंबरची मऊ रीड लागते. तीन नंबरची कडक रीड घेऊन अलका टॉकीजच्या चौकापर्यंत कुणाचेही ओठ टिकणार नाहीत, बर्लिनमधल्या वादकाचेसुद्धा. आत, सभागृहात, ऐंशी मोजण्या गप्प बसून मग कुजबुजीइतक्या हलक्या सुरात शिरायचं असतं. तिथं माउथपीस बंद लागतो आणि रीड अडीच-तीनची. एकाकडून दुसरीकडे जायला साहित्य बदलायचं, रोज अर्धा तास लांब सूर धरायचे: मिनिटाला साठच्या लयीत आठ मात्रा आवाज वाढवत, आठ मात्रा कमी करत. काही महिन्यांचं काम आहे. इथले फेराइनवाले तंबूत वाजवून आल्यावर चर्चमध्ये वाजवतात तेव्हा हेच करतात.

जर्मन शिक्षक ऑनलाइन गाठायचा सल्ला देणाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासलेली नाही. पुण्या-मुंबईत मिळणारं क्लॅरिनेट बहुतेक बोएम पद्धतीचं असतं, पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ साली पुढं आणलेलं. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात वाजतं ते वेगळ्या घराण्याचं, ओस्कार ओलरच्या नावानं ओळखलं जाणारं. हा ओलर बर्लिन फिलहार्मोनिकचा स्वतः वादक होता. दोन्हींची नळी वेगळी, माउथपीस वेगळा, करंगळीच्या कळा वेगळ्या, काही सुरांची बोटं वेगळी. इथले बरेच वादक रीड अजून दोरीनं बांधतात. इथल्या शिक्षकानं दाखवलेलं बोट तिच्या वाद्यावर लागेलच असं नाही. शिवाय व्हिडिओ कॉलची यंत्रणा एकसारखा लांब सूर म्हणजे पंख्याची घरघर समजते आणि कापून टाकते. ती सोय बंद करून ठेवली नाही, तर सुरुवातीच्या वर्षात सर्वांत महत्त्वाचा जो लांब सूर, तोच शिक्षकाला ऐकू जात नाही. शेजारी बसलेला माणूस रीड स्वतःच्या हातानं सरकवून देतो. माउथपीसचं टोक रीडच्या वर काळ्या केसाएवढं दिसायला हवं, हे एकदा बोटानं दाखवलं की मूल विसरत नाही.

या वाद्याची खरी अवघड जागा कुठली, ते बँडातला कुठलाही जुना वादक झोपेतसुद्धा सांगेल. बासरीवर किंवा सनईवर तेच बोट ठेवून जोर दिला की तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरिनेटची नळी आतून सारख्याच रुंदीची आणि एका टोकाला बंद, त्यामुळे तिच्यातून तिप्पट कंपनसंख्येचा सूर उसळतो. मंद्र षड्जाचं बोट धरून मागची अंगठ्याची कळ दाबली की मध्य षड्ज येत नाही, मध्य पंचम येतो. म्हणून खालच्या आणि वरच्या सप्तकाची बोटं जुळत नाहीत, दोन्ही वेगळी पाठ करावी लागतात. आणि या दोन मुलखांच्या मध्ये एक खिंड आहे. खिंडीच्या अलीकडे बोटं जवळजवळ सगळी उघडी असतात, सूर पोकळ, घोगरा येतो. पलीकडचा पहिलाच सूर घ्यायला जवळजवळ सगळी बोटं एका क्षणी बसावी लागतात. एक बोट अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी चीं. उपाय जुना आहे: अलीकडच्या सुरांवर असतानाच उजव्या हाताची बोटं आधी खाली ठेवून द्यायची, सुरात फारसा फरक पडत नाही आणि पलीकडे जाताना काम अर्धं होतं. बँडातली मुलं हे चालता चालता शिकतात. खड्डे चुकवत चालताना खिंड ओलांडता आली की खुर्चीवर बसून काही कठीण वाटत नाही.

ऑर्केस्ट्रातला वादक बी-फ्लॅट आणि ए अशी दोन क्लॅरिनेटं का बाळगतो, याचा अर्थही पेटीवरच लागतो. बी-फ्लॅट वाद्यावर ‘सी’चं बोट धरलं की काळी पाच वाजते, ए वाद्यावर पांढरी सहा. समजा काळी चारवर गाणाऱ्या बाईंना साथ करायचीय. बी-फ्लॅटवर त्यांचा तार षड्ज नेमका खिंडीच्या अलीकडच्या सर्वांत पोकळ सुरावर येतो. ए घेतलं तर तोच षड्ज खिंडीच्या पलीकडे, भरीव जागेवर जातो. ब्राम्सनं पंचकासाठी ए निवडलं तेही बोटांची आणि नादाची सोय बघूनच. पुण्यात बहुतेकांकडे एकच वाद्य असतं, त्यामुळे बँडातला माणूस डोक्यातल्या डोक्यात सगळं फिरवून वाजवतो. होखशूलेत या कसरतीचा वेगळा तास असतो.

मींड निघत नाही म्हणणाऱ्यांनी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ची सुरुवात कशी झाली ते ऐकावं. कागदावर सतरा सुरांची चढती सरगम होती. रॉस गॉर्मन या वादकानं तालमीत ती सलग घसरत नेली आणि रचनाकाराला तीच आवडली. कसं करतात? खिंडीच्या पलीकडे लिहिलेल्या डीपासून वरच्या सीपर्यंत सगळी भोकं उघडी, थेट बोटाखाली असतात. तेवढ्या टापूत बोटं उचलायची नाहीत, लाटल्यासारखी सरकवायची आणि त्याच वेळी घसा मोकळा करत जिभेची मागची बाजू खाली सोडायची. हा टापू डी ते सी, म्हणजे षड्ज ते कोमल निषाद. बी-फ्लॅट वाद्यावर तो नेमका पांढरी एकमध्ये बसतो. अडचण करंगळीच्या कळांवर आणि खिंडीच्या अलीकडच्या सुरांवर येते, तिथं बोटानं मींड होत नाही. म्हणून षड्ज कुठं धरायचा हे आधी ठरवावं लागतं. हा तोटा वाद्याचा नाही, पट्टी निवडण्याचा आहे.

परकं म्हणणाऱ्यांनी जरा दक्षिणेकडे पाहावं. तंजावरच्या आपल्याच भोसल्यांच्या दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी युरोपीय पद्धतीचा बँड होता, आणि एकोणिसाव्या शतकातच क्लॅरिनेट तिथल्या नृत्याच्या साथीत रुळलं. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन नागस्वरम शिकलेले, त्यांनी क्लॅरिनेटवर अख्खी कर्नाटक मैफल उभी केली आणि २००८ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकॅडमीनं त्यांना संगीत कलानिधी हा किताब दिला. त्यांच्या गमकांत हे वाद्य कुठं अडतं ते मला दाखवून द्यावं. पेटीला नाट्यसंगीतात घर देणाऱ्या गावानं क्लॅरिनेटला दारात उभं करावं याचं मला वाईट वाटतं.

पुण्यातल्या मुलाकडे एक गोष्ट अशी असते जी इथल्या मुलांना विकत घ्यावी लागते. ऑर्केस्ट्रात दोन क्लॅरिनेट, दोन ओबो, दोन बासून, दोन हॉर्न मिळून एक संवाद, म्हणजे कॉर्ड, धरतात तेव्हा गंधार ज्याच्या वाट्याला येतो त्यानं तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली लावायचा असतो. तरच संवाद स्थिर होतो, नाहीतर त्यात लाटा येतात. इथली पोरं ट्यूनरची सुई मध्यावर ठेवायला शिकलेली असतात, त्यांना गंधार उतरवायला सांगितलं की बेसूर होण्याची भीती वाटते. तानपुऱ्यासमोर बसलेल्या पोराच्या कानात तो गंधार आधीच असतो. खर्जाच्या रियाझाला बसणाऱ्या घरातली मुलगी लांब सूर धरायला कंटाळत नाही. हे धन हातात असताना माझ्या गावचे लोक ओठ बिघडण्याच्या गप्पा मारतात.

बरं, वाद्य कुठलं घ्यावं? इथंही प्रतिष्ठा आडवी येते. गटावर एकानं लिहिलं, घ्यायचं तर लाकडीच घे, प्लास्टिकचं बँडवाले वापरतात. बँडवाले एबोनाइट किंवा प्लास्टिक वापरतात कारण ते शहाणे आहेत. काळं ग्रेनॅडिला लाकूड आतून श्वासाच्या वाफेनं फुगतं आणि बाहेरून कोरडंच राहतं. या ताणात वरचा सांधा तडकतो, बहुतेक वेळा ट्रिलच्या भोकांपासून सुरू होऊन उभा. नवं लाकडी वाद्य पहिले दोन आठवडे दिवसाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवायचं नसतं. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि सांध्यांवरच्या चांदीच्या कड्या हातानं फिरायला लागतात. जुलैत तेच लाकूड फुगतं, सांधे निघत नाहीत, कळांखालचे भोकं झाकणारे पॅड ओले होऊन भोकाला चिकटतात. इथं जानेवारीत हायत्सुंगमुळे एप्रिलचंच दुखणं होतं. जुने वादक वाद्य ठेवायच्या डब्यात संत्र्याची साल ठेवतात, दोन-तीन दिवसांनी बदलतात, नाहीतर बुरशी धरते. पावसाळ्यात साल काढून सिलिकाची पुडी ठेवायची. चिकटलेल्या पॅडखाली सिगारेटचा बिनगोंदाचा कागद धरून कळ हलके दाबायची आणि सोडायची, कागद ओढायचा नाही, पॅडची पातळ कातडी फाटते. पहिली तीन-चार वर्षं प्लास्टिकचंच चांगलं. भर उन्हात मिरवणुकीतही नेता येतं.

जोडताना एक जागा सांभाळायची. वरच्या आणि खालच्या सांध्यावरून एक छोटी पूल-कळ जाते. वरच्या सांध्याच्या कड्या डाव्या हातानं दाबून ठेवल्या की पूल उचलला जातो, मग सांधे थोडे थोडे फिरवत बसवायचे. न दाबता ढकललं तर पूल वाकतो आणि मधला एक सूर गळायला लागतो. मूल महिनाभर समजतं की आपलीच फुंक कमी पडतेय.

रीड मात्र चांगली हवी. दक्षिण फ्रान्समधल्या वार भागातल्या वेताची ती पट्टी. एकाच वेळी चार रीड वापरात ठेवायच्या, त्यांवर पेन्सिलनं आकडे टाकायचे, रोज बदलायच्या. वाजवण्याआधी मिनिटभर पाण्यात. उजेडासमोर धरली की मध्यभागी उलट्या व्हीसारखी सावली दिसते, ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. सारखी नसेल तर माउथपीस तोंडात जरासा डावीकडे, मग उजवीकडे फिरवून फुंकून बघायचं. ज्या बाजूनं आवाज दबतो ती बाजू जाड. तिथं सहाशे नंबरच्या पाणकागदाचे दोन-तीन हलके फटके, पुन्हा फुंकून बघायचं. इथले म्हातारे वादक या कामाला शाख्टेलहाल्म नावाच्या खरखरीत गवतासारख्या वनस्पतीची वाळलेली काडी वापरतात. वाजवून झाल्यावर रीड पुसून सपाट पट्टीवर दाबून ठेवायची. ऑगस्टमध्ये पुण्यात काळे ठिपके पडतात, तशी रीड पुन्हा तोंडात घालू नये.

पुण्यात कमी काय आहे, तेही सांगते. बँडातली जुनी माणसं कानानं किंवा सरगमनं वाजवतात. ऑर्केस्ट्राला पाच रेघांची लिपी लागते. ती वेगळी शिकायला हवी, आणि ती कॅम्पातला कुठलाही पियानोचा शिक्षक शिकवेल. आठवड्यात तीनदा अर्धा तास बसलं तर वर्षात डोळा तयार होतो. दुसरी उणीव मोठी आहे. दर आठवड्याला वेगवेगळ्या वयाच्या वीस-पंचवीस माणसांनी एकत्र बसून वाजवायची खोली. खडकीला बॉम्बे सॅपर्सचा बँड आहे, लष्कराचे वादक पचमढीला जाऊन रीतसर शिकून येतात. पेठांमधले बँड आहेत. सनई, बासरी, ट्रम्पेट वाजवणारे किती तरी आहेत. त्यांना एकत्र बसवणारी माडी नाही. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेनं २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, आणि त्याच्या मैफलींसाठी अजूनही बरेच वादक बाहेरून आणावे लागतात. त्या खुर्च्यांवर आपली पोरं बसवायची असतील तर त्यांची सुरुवात पेठेतच होणार. दुसरी जागाच नाही.

जर्मनीची बाजू घेताना एक गोष्ट लपवणार नाही. १९८२ साली बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेटवादक झाबिने मायर यांना घ्यायचं वाद्यवृंदाचे संचालक कारायान यांच्या मनात होतं. वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी नाकारलं. कारण दिलं की त्यांचा सूर आमच्यात मिसळत नाही. त्याच वर्षापर्यंत त्या वाद्यवृंदात एकही बाई नव्हती. मायर यांचा पहिला गुरू त्यांचे वडील. त्या १९८३ मध्ये बाहेर पडल्या आणि जगभर एकल वादक म्हणून वाजवत राहिल्या. आपल्यातली की बाहेरची, हे ठरवायला इथंही ओठांचं आणि सुराचं निमित्त पुरलं होतं.

केरवाच्या मिरवणुकीत फेराइनचा लाल वेस्टकोट घालून चालताना मला एकदाही कमीपणा वाटलेला नाही. लक्ष्मी रोडवर, प्रभात किंवा दरबार बँडच्या रांगेत, गणवेश घालून चालायची कल्पना पुण्यात असेपर्यंत मनाला शिवलीसुद्धा नाही. इथल्या खेड्यानं मला आपलं म्हटलं ते त्या रांगेत चालल्यामुळे. माझ्या गावातली तीच रांग मी पदपथावरून पाहिली, थोडी मागे सरकून. गटावर मी इतकी चिडते त्याचं कारण त्यांच्या वाक्यांत मला माझंच जुनं वाक्य ऐकू येतं. आणि इथं बसून पुण्याच्या बँडवाल्यांची बाजू मांडायला मला सोपं जातं, कारण आता मला कुणी विचारणार नाही की मग तू का नाही शिकलीस त्यांच्याकडे.

म्हणून मैत्रिणीला गटावर न लिहिता वेगळं कळवलंय. पाठव. प्लास्टिकचं वापरलेलं बोएम क्लॅरिनेट बघ, पण पैसे देण्याआधी त्या गृहस्थांकडून फुंकून घे. खालचा सांधा तळहातानं बंद करून, सगळी भोकं झाकून फुंकलं की हवा कुठून गळते ते त्यांना लगेच कळेल. दोन नंबरच्या पाच रीड, कॉर्कचं ग्रीस, आतून पुसायला सुती फडकं आणि गळ्यातला पट्टा. आठवडाभर नुसता माउथपीस आणि बॅरल, शेजारी पेटी, काळी तीन. वर्षभर त्यांच्याकडे, सोबत लिपी. दुसऱ्या वर्षी अडीचची रीड आणि बंद माउथपीस. गणपतीत ते मिरवणुकीला नेतो म्हणाले तर ने, मागच्या रांगेत चालू दे. आणि पहिल्या दिवशी तिला सांग, त्यांना काका म्हणायचं नाही. मास्तर म्हणायचं.